भावोजींचा शॉवर आणि आमचा फ्रीझर

भावोजींचं एक वाक्य ठरलेलं आहे, सरकारने माझ्या गाडीत, माझ्या बाथरूममध्ये आणि माझ्या ताटात डोकावू नये. माणूस मूळचा कुडाळचा, पण न्यू जर्सीत इतकी वर्षं काढली की आता वाद घालायला लागले की पक्के तिकडचे वाटतात. दर मे महिन्यात ताई आणि ते हापूस खायला आमच्याकडे देवगडला येतात, एक दिवस जेट लॅगमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवसापासून पडवीत सभा सुरू.

यावेळी सुरुवात शॉवरने झाली. तिकडे १९९२च्या कायद्यापासून शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलनच्या वर, म्हणजे साधारण साडेनऊ लिटरच्या वर पाणी येता कामा नये असा नियम आहे. मग एका शॉवरला चार तोंडं असली तर अडीच गॅलन प्रत्येक तोंडाला की सगळ्यांना मिळून, यावर ओबामांच्या काळात कडक अर्थ लावला, ट्रंप पहिल्यांदा आले तेव्हा सैल केला, बायडेन आले त्यांनी परत आवळला, आणि एप्रिल २०२५ मध्ये ट्रंपनी चक्क शॉवरच्या प्रेशरवर वेगळा आदेश काढला. जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा राष्ट्राध्यक्ष शॉवरवर सही करतोय! भावोजी हे सगळं अगदी रंगून सांगत होते आणि आमच्या आबांनी (सासरे) सुपारी कातरता कातरता विचारलं, "म्हणजे पाणी किती येवक व्हया ता सरकार ठरयता? हय तर येणाच नाय." विहिरीला तळ दिसत होता आणि भावोजी स्वतः अर्ध्या बादलीत आंघोळ उरकून आले होते, पण ते असो.

मला खरं तर त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही. सरकारला सांगायची सवय लागली की ते काहीही सांगत सुटतं हे आपल्यालाही माहीत आहे. न्यूयॉर्कच्या महापौर ब्लूमबर्गनी २०१२ मध्ये सोळा औंसांपेक्षा मोठ्या ग्लासात गोड सोडा विकायचा नाही असं ठरवलं होतं, कोर्टाने ते उडवलं, आणि मला वाटतं बरं केलं, कारण ज्याला प्यायचंय तो दोन ग्लास घेईल. त्याच वर्षी ओबामांच्या आरोग्य विम्याच्या सक्तीवर सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा न्यायमूर्ती स्कॅलियांनी विचारलं होतं की उद्या सरकार लोकांना ब्रोकोली विकत घ्यायला लावू शकेल का. भावोजींना तो प्रसंग तोंडपाठ आहे. सक्ती कोर्टात टिकली, पण टॅक्स म्हणून टिकली, आणि पुढे २०१७ मध्ये नवीन कायदा करून २०१९ पासून दंडच शून्य केला. म्हणजे विमा घ्या अशी सक्ती आहे आणि नाही घेतला तर दंड शून्य, हे वाचून मला आमच्या ग्रामपंचायतीचीच आठवण झाली.

पण सगळ्यात भारी गोष्ट सीटबेल्टची आहे, ती मी भावोजींना सांगितली, त्यांना माहीत नव्हती, त्यामुळे मला जरा आनंदच झाला. १९७४ च्या मॉडेलच्या गाड्यांना अमेरिकेत असं इंटरलॉक बसवायला लावलं होतं की पुढच्या सीटवर बसलेल्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. आता शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडीला वाटायचं माणूस बसलाय, कुत्रा बसला तरी तेच, मग पिशवीला बेल्ट लावा नाहीतर उतरून मागे ठेवा. लोक एवढे पिसाळले की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, कायदा करून असं इंटरलॉक सक्तीचं करायलाच बंदी घातली, आणि बेल्टचा बझर आठ सेकंदांपेक्षा जास्त वाजवायची सक्तीही करता येणार नाही असं लिहून टाकलं. सही करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचं आडनाव फोर्ड, आता बोला! बेल्ट लावलाच पाहिजे असा कायदा करणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क, तेही १९८४ मध्ये, आणि न्यू हॅम्पशायरमध्ये तर मोठ्या माणसांना आजही बेल्टची सक्ती नाही. मोटारसायकलवाल्यांना हेल्मेटचीही नाही.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे बेल्टचा बझर सक्तीचा झाल्यावर लोकांनी काय केलं, तर त्या खाचेत अडकवायची नुसती क्लिप आणली, बझर गप्प आणि बेल्ट सीटमागे. ऑनलाइन एवढी विकली जात होती की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या साइट्सना नोटिसा काढल्या आणि १३,११८ लिस्टिंग उतरवायला लावल्या. आमच्या ह्यांच्या मित्राच्या गाडीत अशी क्लिप आहे आणि वर देवाचा फोटो पण आहे, डबल सेफ्टी. कणकवलीकडून येताना हायवेवर तो ज्या स्पीडने चालवतो ते बघून मी मागच्या सीटवरसुद्धा बेल्ट लावते.

तर भावोजींचा मुद्दा असा की लोकांना ठरवू द्या, लोकांना सेफ गाडी हवी असेल तर ते सेफ गाडी घेतील, कंपनी आपोआप तशी बनवेल, सरकार मध्ये कशाला. ऐकायला बरोबर वाटतं. पण हा प्रयोग झालेला आहे. १९५६ मध्ये फोर्डने बेल्ट, मऊ डॅशबोर्ड वगैरे जादा पैसे देऊन घ्यायची सोय केली होती, आणि त्या वर्षी शेवरोलेच्याच गाड्या जास्त खपल्या, मग डेट्रॉइटमध्ये, म्हणजे तिकडच्या गाड्यांच्या गावात, समजूत झाली की सेफ्टी विकत नाही. पुढे दहा वर्षं ह्या समजुतीवर निघाली. १९६५ मध्ये राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने या गाड्यांवर सणसणीत पुस्तक लिहिलं, तर जनरल मोटर्सने काय करावं, गाडी सुधारायच्या ऐवजी त्याच्या मागे डिटेक्टिव्ह लावले. त्याच्या ओळखीपाळखीच्या लोकांना भेटून खासगी चौकश्या केल्या, काही सापडतंय का बघायला. मार्च १९६६ मध्ये कंपनीच्या प्रेसिडेंटला सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली, त्याच सप्टेंबरात गाड्यांच्या सेफ्टीचा केंद्रीय कायदा झाला, १९६८ पासून नव्या गाडीत बेल्ट असणं सक्तीचं झालं. आणि नेडरने कंपनीवर जो दावा लावला होता त्यात तडजोडीचे सव्वाचार लाख डॉलर मिळाले, ते त्याने ग्राहकांच्या कामातच घातले. म्हणजे कंपनीच्याच पैशाने कंपनीच्या मागे माणूस उभा, मला हे फार आवडतं.

यावर भावोजी म्हणाले, "अगं, ते जुनं झालं, आता इंटरनेट आहे, लोक रिव्ह्यू वाचून घेतात."

ठीक आहे, मग ताकाता ही एअरबॅग बनवणारी कंपनी घ्या. एअरबॅग फुगवायला आत एक छोटा डबा असतो, त्यात फटाक्यासारखी दारू भरलेली असते असं समजा. ताकाता कंपनीने त्यात अमोनियम नायट्रेट वापरलं, ते स्वस्त पडायचं. दमट आणि गरम हवेत वर्षानुवर्षं राहिलं की ते बिघडतं आणि धडक झाल्यावर बॅग फुगवायच्या ऐवजी तो धातूचा डबाच फुटतो, तुकडे सरळ चालवणाऱ्याच्या मानेत. अमेरिकेतच दोन डझनांवर माणसं गेली. साधारण ६ कोटी ७० लाख डबे परत बोलवावे लागले, तिकडच्या इतिहासातला सगळ्यात मोठा रिकॉल. बदलायला आधी कोणाचे घेतले तर फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको, जिथे दमट हवा आहे तिथल्यांचे. मी हे वाचत होते तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस होता आणि कपाटातल्या चपलांना बुरशी आली होती. इथे मीठ ओलं, पापड ओले, कागद ओला, दाराच्या कड्या गंजून हातात येतात. त्या गाड्या भारतातही विकल्या गेल्या आणि इथेही परत बोलवल्या गेल्या, पण कोकणातल्या सेकंड हँड गाडीच्या तिसऱ्या मालकाला ते पत्र कोण पाठवणार?

आता मला सांगा, शोरूममध्ये उभा राहिलेला माणूस एअरबॅगच्या आतल्या डब्यात काय भरलंय ते कसं निवडणार? गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनाही ताकाताने टेस्टचे खोटे आकडे दिले होते, जानेवारी २०१७ मध्ये गुन्हा कबूल करायला तयार झाले, एक अब्ज डॉलर भरायचं ठरलं आणि जूनमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. फोक्सवागनचंही तसंच, गाडीला कळायचं की आता टेस्ट चालू आहे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की परत जैसे थे. २०१५ मध्ये पकडले गेले. जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. कुठल्या रिव्ह्यूमध्ये आलं असतं हे? लोकांनी तर "स्वच्छ डिझेल" म्हणून मुद्दाम निवडून घेतल्या होत्या.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी भावोजींना तीन प्रकारे सांगून बघितलं, जे मला दिसतं, चाखता येतं, हाताळता येतं ते मला निवडू द्या, सोडा किती प्यायचा, बल्ब पिवळा की पांढरा, शॉवर जोरात की हळू, चुकले तर माझं मी बघीन. पण जे डब्यात बंद आहे आणि उघडून बघायची मला सोय नाही तिथे "ग्राहकाने निवडावं" म्हणणं म्हणजे कंपनीने आपलं काम माझ्या गळ्यात मारणं आहे. गंमत अशी की लोक भांडतात पहिल्या प्रकारच्या नियमांवरून, कारण तेच रोज टोचतात. बझर वाजतो म्हणून शिव्या बसतात. अमोनियम नायट्रेट वाजत नाही.

मग भावोजींनी कॉफी काढली. काढणारच होते. "एका म्हातारीने कॉफी मांडीवर सांडून घेतली आणि लाखो डॉलर घेतले, तुमची अकाउंटेबिलिटी ती ही." ही गोष्ट इथेही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. १९९२ मधली, अल्बुकर्कीची. बाई ७९ वर्षांच्या, नातू स्टिअरिंगवर होता, पण गाडी थांबलेली होती. मॅकडॉनल्ड्सची कॉफी १८० ते १९० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे ८२ सेल्सियसच्या वर, अंगावर सांडली की काही सेकंदात कातडी जाते. त्यांना थर्ड डिग्री भाजलं, कातडीचे तुकडे लावायला लागले. त्यांनी कंपनीकडे साधारण वीस हजार डॉलर मागितले, खर्चापुरते. कंपनीने आठशे देऊ केले. केस उभी राहिल्यावर कळलं की आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशे तक्रारी कंपनीकडे आलेल्या होत्या आणि तरी तापमान तेच. ज्युरीने दंड लावला २७ लाख डॉलर, हिशोब काय तर कंपनीची साधारण दोन दिवसांची कॉफीची विक्री. जजने तो ४ लाख ८० हजारांवर आणला आणि नंतर दोघांची बाहेर तडजोड झाली. हे सगळं सांगून झाल्यावर भावोजी म्हणाले, "सातशे माहीत नव्हतं." आबा म्हणाले, "दोन दिसांचो धंदो? बरा केल्यानी."

आबांना हे का भिडलं तर आमचा फ्रीझर. आमरस आणि सुरमई ठेवायला आम्ही मोठा फ्रीझर घेतला, होमस्टेचं स्वयंपाकघर त्याच्यावरच चालतं, घरचेच सगळे राबतो, नोकर नाही. वॉरंटीत असताना कॉम्प्रेसर गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. आधी म्हणाले व्होल्टेज, आम्ही स्टॅबिलायझरची पावती दाखवली, मग म्हणाले समुद्राची हवा, अहो पण तुमचा शोरूमवाला समुद्रापासून दगड मारायच्या अंतरावर बसून विकतोय की! फ्रीझरभर मासा गेला तो वेगळाच, आणि वास किती दिवस होता ते विचारू नका. शेवटी जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी लागत नाही, अर्ज साध्या मराठीत चालतो. कंपनीच्या वकिलाने उत्तर दिलं की हा माल व्यापारासाठी घेतला म्हणून हे ग्राहकच नाहीत. आता कायद्यात साफ लिहिलंय की पोटापाण्यासाठी स्वतः राबून चालवायच्या धंद्याला वस्तू घेतली तर तो ग्राहकच धरायचा, हे वकिलाला माहीत नसेल असं थोडंच आहे, पण तेवढ्यावर तारखा निघतात ना. तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं २०१९ च्या कायद्यात आहे. वाचायला छान आहे.

तरी मी म्हणेन आपलं बरं. कारण तिकडे आता एक नवीनच प्रकार आहे, नवीन म्हणजे कायदा १९२५ चा, पण वापर गेल्या काही दशकांतला. फोन घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, अ‍ॅप उतरवा, खाली बारीक अक्षरात असतं की भांडण झालं तर कोर्टात जायचं नाही, खासगी लवादाकडे जायचं, आणि दहा जणांनी मिळून दावा लावायचा नाही, एकेकट्याने यायचं. २०११ मध्ये एका केसमध्ये फोन कंपनीने "फुकट" म्हणून दिलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट टॅक्स लावला होता, लोकांना एकत्र दावा लावायचा होता, सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की ते बारीक अक्षर चालतं. आता तीस डॉलरसाठी एकटा माणूस लवादाकडे कोण जाणार? कंपनीला हे गणित चांगलं कळतं. त्याच्याही पुढची कडी २०२४ मध्ये झाली. फ्लोरिडात डिस्नेच्या जागेतल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवून अ‍ॅलर्जीने एक बाई गेल्या, नवऱ्याने दावा लावला, तर डिस्नेच्या वकिलांनी सांगितलं की तुम्ही काही वर्षांपूर्वी आमच्या सिनेमाच्या अ‍ॅपची ट्रायल घेतली होती, त्यात लवाद मान्य केलाय. सिनेमा बघायचं अ‍ॅप! लोकांनी एवढी छी थू केली की ऑगस्टमध्ये त्यांनी तो मुद्दा मागे घेतला. कायद्याने नाही, लाजेने मागे घेतला. आपल्याकडे असं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एका बिल्डरच्या केसमध्ये हे पक्कं केलंय.

"पण सही कोणी केली? त्यांनीच ना? वाचून करायची," भावोजी. मी विचारलं तुम्ही वाचता का, तर म्हणाले एवढं कोण वाचतं. मी काही बोलले नाही, ताई हसली.

आंब्यावर आल्यावर मात्र भावोजींची भूमिका फिरते. १९८९ पासून अमेरिकेत आपला आंबा बंद होता, कोयीतल्या किड्याच्या भीतीने. २००७ मध्ये परत सुरू झाला तो विकिरणाच्या अटीवर, म्हणजे किरणांचा मारा करून किडा निकामी करायचा. किमान ४०० ग्रे मात्रा, अमेरिकेच्या शेतीखात्याच्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि तिकडे विकताना विकिरण केल्याची खूण लावायची. न्यू जर्सीत भावोजी त्या पेटीला कित्येक डॉलर मोजतात आणि म्हणतात, शिक्का आहे म्हणजे खात्रीचा. इथे सरकार ताटात डोकावलेलं चालतं बरं का! मे २०२५ मध्ये काय झालं तर विमानाने गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा तिकडे अडवल्या, आंबा खराब म्हणून नाही, विकिरणाच्या कागदपत्रात घोळ म्हणून. परत आणा नाहीतर तिथेच नष्ट करा. परत आणायचं भाडं आंब्याच्या किमतीपेक्षा जास्त, त्यामुळे नष्ट केला. साधारण पाच लाख डॉलरचं नुकसान, सोसलं निर्यातदारांनी, आणि ते ओरडून सांगत होते की कागद आम्ही भरतच नाही, केंद्रावर भरला जातो. नियम होता, शिक्का होता, तपासणारा माणूस होता, आणि चूक झाल्यावर बिल मात्र जो शिक्का मारत नाही त्याच्या नावावर. म्हणून मला नुसता नियम पुरेसा वाटत नाही, चुकलं तर कोणाच्या खिशातून जाणार हे आधी लिहिलेलं हवं.

आमच्या बागायतदारांनी गेल्या हंगामात स्वतःच फळावर नंबराचे स्टिकर लावायला घेतले, कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपतो त्याला कंटाळून. सरकारची सक्ती नव्हती. पुण्यातल्या गिऱ्हाईकाला साल बघून कळत नाही ना, मग कळायची काहीतरी सोय नको का. चिकटवायचं काम मात्र जिवावर येतं, रात्री बारा बारा वाजेपर्यंत आम्ही बायकाच बसतो.

आणि ताईबद्दल सांगायचं राहिलं. तिकडच्या बऱ्याच करारांत अशी एक पळवाट असते की तीस किंवा साठ दिवसांत पत्र पाठवून कळवलं तर लवादाचं कलम तुम्हाला लागू होत नाही. शोधावं लागतं, पत्ता कुठेतरी शेवटच्या पानावर असतो, काही ठिकाणी तर कागदी पत्रच लागतं. ताई प्रत्येक नव्या कार्डाला, नव्या फोनला ते पत्र पाठवते, तिची त्याची एक फाइलच आहे. इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. भावोजी त्याला रिकामटेकडा उद्योग म्हणतात. यायच्या आधीच त्यांनी नवीन फोन घेतलाय, मुदत संपत आली होती, म्हणून ताईने इथूनच पत्र लिहून प्रिंट काढायला माझ्या मुलाला बाजारात पिटाळलं. सही भावोजींची लागते. ते म्हणाले ठेव तिथे, आंबा खाऊन हात धुतो आणि करतो.